हक्क कुणाविरुद्ध?

आमच्या घोडबंदर गावात, किल्ल्याच्या खालच्या अंगाला, एका खोलीत रविवारी अभ्यासवर्ग भरतो. दहा-बारा पोरं येतात. ठाण्याच्या बाजूनं येणारी काजूपाड्याच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडकली, की वर्ग अर्धा संपल्यावर उगवतात आणि पहिल्यापासून सांगा म्हणतात. मागं एका रविवारी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्यावर बोलणं चाललं होतं. माझं आपलं नेहमीचं सुरू होतं. मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, १९६६ साली ओकलंडमध्ये निघालेला ब्लॅक पँथर पक्ष, १९७२ साली मुंबईत निघालेली दलित पँथर. तेवढ्यात एका पोरानं मध्येच विचारलं, "दादा, ते लोक सिव्हिल लिबर्टी पण म्हणतात आणि सिव्हिल राइट्स पण म्हणतात. दोन्हीत फरक काय? आपण तर दोन्हीला नागरी हक्कच म्हणतो."

मी काहीतरी ठोकून दिलं. पण ते उत्तर माझं मलाच पटलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढली तेव्हा लक्षात आलं, की पोरानं नुसता शब्दाचा अर्थ विचारलेला नाही. आपल्या चळवळीतली कितीतरी भांडणं याच फरकावर उभी आहेत आणि आपण ती वेगळ्याच नावांनी भांडतो आहोत.

सिव्हिल लिबर्टी म्हणजे सरकारनं माझ्या अंगाला हात लावू नये. माझं तोंड दाबू नये, विनाचौकशी कोंडू नये, मोर्चा अडवू नये. हा सरकारविरुद्धचा हक्क. सिव्हिल राइट्स म्हणजे शेजाऱ्यानं, दुकानदारानं, मालकानं, गावानं मला माणूस म्हणून वागवावं, आणि नाही वागवलं तर सरकारनं त्याचा हात धरावा. पहिल्यात आपण सरकारला म्हणतो, बाजूला हो. दुसऱ्यात म्हणतो, मध्ये ये. एकाच तोंडानं दोन्ही म्हणायचं तर नीट विचार करून म्हणावं लागतं.

आता गोऱ्या माणसाला, किंवा इथल्या सवर्णाला, पहिला हक्क पुरतो. त्याची पाण्याची, घराची, रस्त्याची, लग्नाच्या वरातीची सोय त्याच्या जातीनं आधीच केलेली असते. त्याला छळणारं काही उरलं तर ते सरकार. म्हणून जगातली स्वातंत्र्याची जाडजूड पुस्तकं सरकार या एकाच राक्षसावर लिहिलेली आहेत. आपल्या आज्याला विहिरीवरून हाकलणारा माणूस सरकारी नोकर नव्हता. पाटील होता, वाणी होता, देवळाचा पुजारी होता.

इथं आपल्या साहित्यावरही थोडं बोललं पाहिजे, कारण हे पान साहित्याचं आहे. 'अस्मितादर्श'च्या काळापासून आपल्या नियतकालिकांनी काळ्यांच्या साहित्याची ओळख करून दिली. (तेव्हा सगळेच 'निग्रो' लिहीत.) त्यांची वेदना आपल्याला लगेच ओळखीची वाटली. पँथर हे नावही तिकडून आलं. याचं मोल मी कमी करत नाही. पण त्यातून एक खोड लागली. अमेरिका आपल्याला आरशासारखी झाली. तिच्यात आपलं दुःख बघायचं, आणि एक कविता लिहायची. त्यांचे कवी आपण वाचले, त्यांचे खटले वाचले नाहीत. थर्गुड मार्शल हे नाव आमच्या वर्गात एकालाही माहीत नव्हतं. १९५४ साली काळ्या पोरांना गोऱ्यांच्या शाळेचं दार उघडून देणारा ब्राउन खटला लढला तो हा वकील, पुढं तिथल्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला. पोरांना ठाऊक नाही यात पोरांचा काय दोष? आपणच कधी सांगितलं नाही.

एका माणसानं मात्र ते खटले आणि कायदे वाचले होते. १९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. तेव्हा तिकडं १८९६ च्या प्लेसी निकालाचं राज्य होतं. डबे वेगळे ठेवा, पण समान ठेवा, म्हणजे झाली समता. पुढं जुलै १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं वाचलं, त्याच्या दोन-तीन प्रती मिळतील का, अशी त्या पत्रात विचारणा आहे. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. आपल्याकडे या पत्राचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो, दोन महामानव म्हणून. मला त्या पत्रातली विचारणा जास्त महत्त्वाची वाटते. माणूस कागद मागतो आहे. सहानुभूती नंतर बघू, आधी मसुदा पाठवा.

आणि त्यानंतर आठच महिन्यांनी, मार्च १९४७ मध्ये, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं घटना समितीसाठी त्यांनी केलेलं निवेदन छापून निघालं. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'. आपण त्याचं नाव घेतो ते राज्य समाजवादासाठी. जमिनीचं राष्ट्रीयीकरण, मूळ उद्योग सरकारचे, वगैरे. ते बरोबरच आहे. पण मूलभूत हक्कांवर आक्रमण झालं तर उपाय काय, असा त्यात एक भाग आहे, तो आपण पानं उलटताना ओलांडतो. तिथं पहिलं कलम कार्यकारी सत्तेच्या जुलमाविरुद्ध आहे. न्यायालयात धाव घेण्याचा हक्क, बंदी प्रत्यक्षीकरणाचा हक्क, आणि बंड किंवा परचक्र आल्याशिवाय तो थांबवता येणार नाही अशी अट. हा अमेरिकन राज्यघटनेचा वळसा आहे. त्याच्या लगेच खालचं कलम विषम वागणुकीविरुद्ध. खाणावळ, शाळा, रस्ता, तळं, विहीर, वाहन, नाटकगृह इथं माणसाला माणूस म्हणून प्रवेश नाकारला तर तो गुन्हा. पहिलं कलम सरकारवर रोखलेलं, दुसरं गावावर. एकाखाली एक.

दुसरं कलम कुठून घेतलं हे बाबासाहेबांनी टिपेत सांगितलं आहे. अमेरिकन काँग्रेसनं काळ्यांच्या रक्षणासाठी केलेले १८६६ आणि १ मार्च १८७५ चे नागरी हक्क कायदे. हे वाचून मी थबकलो. कारण १८७५ चा कायदा अमेरिकेतच १८८३ साली मेला होता.

त्याची हकिकत अशी. गुलामगिरी १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं गेली. १८६८ ला चौदावी आली. तिनं सर्वांना कायद्याचं समान संरक्षण दिलं. १८७५ च्या कायद्यानं सांगितलं की खाणावळ, आगगाडी, नाटकगृह इथं रंगावरून अडवणं गुन्हा. लगेच लोकांनी अडवलं आणि खटले झाले. असे पाच खटले एकत्र करून तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १८८३ मध्ये निकाल दिला: चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, माणसांना नाही. नाटकगृहाच्या मालकानं काळ्याला हाकललं तर ते त्याचं खासगी कृत्य. काँग्रेसला त्यात पडण्याचा अधिकार नाही. आठ विरुद्ध एक. तो एक न्यायमूर्ती हार्लन, स्वतः केंटकीच्या गुलाममालक घराण्यातला. बहुमताचं निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी तर गुलामगिरी सुटून अठरा वर्षं होताच सुनावलं, की आता या लोकांनी कायद्याचे लाडके म्हणून राहणं थांबवावं. ओळखीचं वाटतं ना? इथं आरक्षणाला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून सुनावतात. ते अठरा वर्षांतच थकले होते.

म्हणजे तिकडं रद्द झालेला, धूळ खात पडलेला कायदा बाबासाहेबांनी १९४७ साली उचलला. अमेरिकेची नक्कल करायची असती तर १८८३ चा निकालही घेतला असता. त्यांनी हरलेल्या बाजूचा कागद उचलला, आणि घटनेच्या मसुद्यातून तो जवळजवळ तसाच आत नेला.

आपल्यातल्या साहित्यिक मंडळींना माझं सांगणं आहे, की घटनेची कलमं एकदा कविता वाचतो तशी वाचा. कर्ता कोण, क्रियापद कुठलं ते बघा. चौदाव्या दुरुस्तीच्या वाक्यात कर्ता आहे राज्य. कोणतेही राज्य असे करणार नाही, तसे करणार नाही. मग राज्य सोडून बाकी सगळे मोकळे. आपल्या घटनेत कलम १५ चा पहिला खंड तसाच आहे, राज्य भेदभाव करणार नाही. पण दुसऱ्या खंडात राज्य हा शब्दच नाही. दुकान, उपाहारगृह, हॉटेल, विहीर, तलाव, घाट, रस्ता यांबाबत कोणत्याही नागरिकावर जातीमुळे अडवणूक लादली जाणार नाही. कुणी लादायची नाही? कुणीच नाही. कर्त्याची जागा मोकळी ठेवली, म्हणून पाटील, वाणी, पुजारी सगळे तिच्यात मावले. कलम १७ मध्ये तर अस्पृश्यता नष्ट झाली एवढंच. कुणी नष्ट करायची हे विचारायची सोय नाही. कलम २३, वेठबिगारीचं, तेही तसंच. घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ ला यावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' म्हणजे काय असं सभासदांनी विचारलं. बाबासाहेबांनी सांगितलं की जो जो पैसे घेऊन लोकांना सेवा देतो तो सगळा यात आला. न्हावी आला, धोबी आला, डॉक्टर-वकील आले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या खटल्यात हाच खुलासा हाताशी धरून खासगी शिक्षणसंस्थाही या 'दुकाना'त बसवली. त्रेसष्ट वर्षांनी.

हे सरळ वाक्य किती महाग पडलं ते चवदार तळ्याच्या खटल्यावरून कळतं. २० मार्च १९२७ ला आपली माणसं पाणी प्यायली. १९२३ चा बोले ठराव आणि महाडच्या नगरपालिकेचा ठराव पाठीशी होता. म्हणजे सरकार कागदावर आपल्या बाजूचं होतं. तरी सवर्णांनी डिसेंबरात दिवाणी दावा लावला, तळं आमचं खासगी, आणि १४ डिसेंबरला मनाई हुकूम मिळवला. दहा वर्षं खटला चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो. कशावर जिंकलो? माणसं समान आहेत म्हणून नाही. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासूनची आहे हे सवर्णांना सिद्ध करता आलं नाही, म्हणून! म्हणजे रूढी पुरेशी जुनी निघाली असती तर? त्या निकालाचा आपण उत्सव करतो, करावाच. पण तो निकाल आतून किती पोकळ होता हे बाबासाहेबांना सगळ्यांत आधी कळलं असणार. ते स्वतः प्रतिवादी होते.

आणि गंमत बघा, अमेरिकेलाही शेवटी असाच आडवाटेनं विजय घ्यावा लागला. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला तेव्हा १८८३ चा निकाल वाटेत उभाच होता. म्हणून काँग्रेसनं कायदा मुख्यतः कशाच्या जोरावर टेकवला, तर आंतरराज्य व्यापाराच्या! अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या एका मोटेलचा मालक कोर्टात गेला. काळ्यांना खोली द्यायला लावणं म्हणजे माझ्यावर गुलामगिरी लादणं आहे, तेराव्या दुरुस्तीचा भंग आहे, असं तो तोंड वर करून म्हणाला. न्यायालयानं त्याला हरवलं, कारण त्याच्याकडे उतरणारे बहुतेक प्रवासी दुसऱ्या राज्यांतून येत आणि त्यांना अडवलं की व्यापार अडतो. बर्मिंगहॅममधलं एक खाणावळवजा हॉटेल होतं. गोऱ्यांना आत बसून वाढायचे, काळ्यांना बांधून द्यायचे. आपल्याकडची वेगळी कपबशी आठवा. तेही हरलं, तिथलं मांस राज्याबाहेरून येत होतं म्हणून. मांस गावातलंच असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मी वर्गात विचारला तर पोरं हसायला लागली. मग गप्प झाली.

तेव्हा आपली घटना या बाबतीत अमेरिकेच्या चौदा वर्षं पुढे होती हे खरं. पण त्यावर छाती फुगवायच्या आधी आपल्या कायद्याचं काय झालं तेही बघू.

१९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला. त्याचं विधेयक सप्टेंबर १९५४ मध्ये राज्यसभेत आलं तेव्हा बाबासाहेबांनी नावावरच बोट ठेवलं होतं. हे अस्पृश्यांच्या नागरी हक्कांचं संरक्षण आहे, तर नावात नागरी हक्क म्हणा. कुणी ऐकलं नाही. बावीस वर्षांनी, १९ नोव्हेंबर १९७६ पासून, कायद्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. पण आत व्याख्या काय केली? कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट झाल्यामुळे मिळणारा हक्क, तो नागरी हक्क. बस्स. जगभर हा शब्द नागरिकाच्या सगळ्या समान हक्कांसाठी वापरतात, इथं तो एवढ्याशा डबीत भरला. पोलीस ठाण्यात पीसीआर म्हटलं की जमादाराच्या चेहऱ्यावर 'तुमच्या लोकांचं ते' असा भाव येतो तो त्यातूनच. (कायदा करणारे अगदीच भोळे नव्हते. पीडित अनुसूचित जातीचा असेल तर अस्पृश्यतेमुळेच केलं असं न्यायालयानं गृहीत धरावं, उलट आरोपीनं सिद्ध करावं, असं कलम १२ मध्ये आहे. हे कलम पाठ करून ठेवा.)

आणि तारीख परत वाचा. १९७६. आणीबाणी चालू होती. त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल दिला, की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला बंदी प्रत्यक्षीकरणासाठी दारात यायचाच हक्क नाही. न्यायमूर्ती खन्ना तेवढे विरोधात. म्हणजे ज्या वर्षी देशात सिव्हिल लिबर्टी मेली, त्याच वर्षी सिव्हिल राइट्सच्या नावाचा कायदा मिळाला. वेठबिगारी नष्ट करणारा कायदाही १९७६ चाच. आपली माणसं तेव्हा गोंधळली ती उगाच नाही. नामदेव ढसाळांनी त्याच साली इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' लिहिली. त्यांना आज सहज शिव्या देता येतात. मी देणार नाही. ज्याला गावानं पिढ्यान्‌पिढ्या ठेचलं, त्याला गावाला धाकात ठेवणारं सरकार जवळचं वाटतं. तुरुंगात गेलेले पुढारी बहुतेक त्या गावाचेच जावई होते. त्यांच्या स्वातंत्र्यासाठी आपण का रडायचं, हा प्रश्न मी बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. तो बावळट प्रश्न नाही.

पण त्याचं उत्तर आहे, आणि ते पँथरच्याच इतिहासात आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' 'साधने'त आला. दलित बाईची अब्रू घेतली तर दंड किती आणि राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर दंड किती, असा हिशेबच त्यांनी मांडला. महाराष्ट्र खवळला. आता हा लेख कुठल्या खात्यात घालणार? मागणी आहे सिव्हिल राइट्सची, गावाविरुद्धची. हत्यार आहे सिव्हिल लिबर्टीचं, तोंड उघडण्याचं. ते हत्यार काढून घेतलं असतं तर ती मागणी कुणी ऐकली असती? सरकारला 'मध्ये ये' म्हणायचं तर आधी ओरडता आलं पाहिजे, आणि ओरडल्यावर सरकारनं गोळी घालता कामा नये.

गोळी घातली जाते. ११ जुलै १९९७, घाटकोपर, रमाबाई आंबेडकर नगर. पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करायला लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलानं गोळीबार केला, दहा माणसं मेली. तिथं आपल्यासमोर ना पाटील होता ना वाणी, खाकी वर्दी होती. कोंडलंही जातं. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये वर्ध्याच्या साहित्य संमेलनाहून परतताना पकडलं. तीन वर्षं तुरुंगात काढल्यावर २०१४ ला ते निर्दोष सुटले. जून २०१८ मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणी यूएपीएखाली परत पकडलं; आरोप निश्चित न होता साडेसहा वर्षं गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये जामीन मिळाला. आनंद तेलतुंबडे याच प्रकरणात १४ एप्रिल २०२० ला, म्हणजे जयंतीच्या दिवशी, शरण गेले आणि २०२२ च्या नोव्हेंबरात जामिनावर बाहेर आले. त्यांची मतं कुणाला पटोत न पटोत. पण नागरी स्वातंत्र्य हे सवर्णांचे चोचले आहेत असं म्हणणाऱ्यानं या तारखा समोर ठेवून बोलावं. आणि स्वातंत्र्यवाल्या मित्रांनाही एक सांगणं आहे: अटकेच्या निषेधाला तुम्ही धावून येता, हे आम्ही विसरत नाही, पण एखाद्या गावात किराणा बंद केला जातो, दळण बंद केलं जातं, तेव्हा तुमच्या पत्रकाला उशीर का होतो? सरकार दोषी सापडेपर्यंत तुम्हाला विषयच सापडत नाही.

बाबासाहेबांच्या निवेदनात बहिष्काराचंही कलम आहे. ते ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतलं. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला २०१६ मध्ये, अंमल २०१७ पासून. सत्तर वर्षं लागली. आणि राज्य समाजवादाच्या टिपेत त्यांनी जे म्हटलं आहे ते तर अजून कुणी हातात घेतलं नाही. सरकारला बाजूला सारून जे स्वातंत्र्य मिळतं ते रिकाम्या जागेत जात नाही, तिथं मालक येऊन बसतो, असा त्याचा आशय. अटलांटाचा मोटेलवाला याचंच उदाहरण.

आता त्या पोराचं सांगतो. दोन रविवारनंतर तो वर्ग संपल्यावर थांबला. म्हणाला, दादा, मी तो प्रश्न का विचारला माहितीये? घोडबंदर रोडला ते नवीन टॉवर झालेत, त्यात भाड्यानं वन-रूम-किचन बघत होतो. एजंटनं सगळं पसंत करून दिलं. अनामत ठरली. मग आडनाव विचारलं. मग म्हणाला, काय खाता? मग म्हणाला, सोसायटीला विचारून सांगतो. तीन आठवडे झाले, अजून विचारतोच आहे.

त्याला वाटलं होतं हा सिव्हिल राइट्सचा मामला, अमेरिकेत तरी याला काही उत्तर असेल. आहे. सेंट लुइसमधल्या गोऱ्या घरमालकांनी १९११ साली आपापसात करार केला होता, पन्नास वर्षं काळ्याला घर विकायचं नाही. शेली नावाच्या कुटुंबानं घर घेतलं, शेजाऱ्यानं दावा लावला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, करार तुमचा खासगी असेल, पण तो राबवायला कोर्ट हात देणार नाही. आणि १९६८ मध्ये, जोन्स खटल्यात, बिल्डरनं काळ्याला घर नाकारलं तेव्हा न्यायालयानं १८६६ चा कायदा शोधून काढला. एकशे दोन वर्षं झोपलेला. खासगी माणसानंही रंगावरून घर नाकारायचं नाही, असं त्या कायद्यात होतंच! बाबासाहेबांच्या टिपेत १८६६ हे साल एकवीस वर्षं आधी लिहिलेलं होतं.

आपल्याकडे काय झालं? २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की संस्थेनं सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवलं तर ते संघटना स्वातंत्र्यात बसतं. एका छोट्या अल्पसंख्य समाजाची काळजी त्यात असेल, ती मी समजू शकतो. पण तत्त्व घातलं ते सगळ्यांसाठी. उद्या कुणीही सोसायटी काढावी, आपल्या जातीची घटना लिहावी, आणि त्याला स्वातंत्र्य म्हणावं. लिबर्टीनं राइट्सचा गळा धरला तो असा. सरकारविरुद्धचा हक्क सोसायटीच्या सेक्रेटरीच्या खिशात गेला.

पोराला म्हटलं, तुझ्यासाठी मात्र एक धागा आहे. नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ४ काढ. त्यात बरीच मोठी यादी आहे, दुकानं, विहिरी, दागिने, मिरवणुका. त्या यादीत, कुणी बघत नाही अशा जागी, कोणत्याही वस्तीत राहण्याचं घर बांधणं, घेणं किंवा त्यात राहणं हेही आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून ते अडवलं तर गुन्हा. पोरगं खुश झालं. मग शिक्षा वाचली. एक महिना ते सहा महिने कैद, आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. पाचशे! त्या टॉवरमध्ये पार्किंगचा दरमहा आकार याहून जास्त असेल. ढाले यांनी दंडाचा हिशेब मांडला त्याला पन्नास वर्षं उलटून गेली.

तक्रार करायची की नाही यावर वर्गात दीड तास वाद झाला. एक म्हणाला, पोलीस लिहूनच घेणार नाहीत. दुसरा म्हणाला, एजंट म्हणेल मी फक्त खाणं विचारलं, जात नाही. तिसऱ्यानं कलम १२ उघडलं. शेवटी अर्ज लिहायला घेतला. पहिल्याच ओळीत अडलो, कारण 'विरुद्ध' या शब्दापुढं कुणाचं नाव घालायचं यावर एकमत होईना. एजंट, मालक, की सोसायटी? पोरानं पेन घेतलं आणि तिन्ही लिहिले.